मुलांसोबत करता येईल असं सोपं, पौष्टिक सॅलड कोणतं? आणि मुलांच्या हातात सुरी कधी द्यावी?

काकडीची कोशिंबीर करा. ऑलिव्ह तेल, लेट्यूस यांच्या नादी लागू नका. तुमची मुलं सहा आणि नऊ वर्षांची, कच्च्या भाजीला हात लावत नाहीत, असं लिहिलंय तुम्ही. लावतील. फक्त मीठ कधी घालायचं ते त्यांना ठरवू द्या.

यावरून माझं आणि ताईचं जुनं भांडण आहे. ती काकडी किसते, मीठ लावून ठेवते, घट्ट पिळते आणि ते पाणी थालीपिठाच्या पिठात ढकलते. कोशिंबिरीला उरतो चोथा. मी आईसारखी काकडी चोचवतो, म्हणजे सुरीने तिच्यावर टोचे मारत बारीक चिरतो, आणि पानं घेतली की मगच मीठ घालतो. काकडीत 95 टक्के पाणीच, मीठ लागलं की ते सुटणारच. पिळलंत तर थोडंफार सी जीवनसत्त्वही त्याच्याबरोबर गेलं. पण आमच्याकडे धाकट्याचं ऐकतंय कोण!

मे महिन्यात भाचरं साताऱ्याला आली होती. म्हटलं, पोरांनाच निकाल देऊ दे. एकच काकडी चोचवून दोन वाट्यांत घातली. भाचीने एकीत मीठ कालवलं, दुसरी तशीच ठेवली. भाचा स्टूल ओढून पुढ्यात बसला, कुणाला हात लावू देईना. पंधरा मिनिटांनी वाटी कलती केली तर मिठाच्या काकडीखाली पाणी साचलेलं, फोडी लिबलिबीत. पठ्ठ्याने ते पाणी पिऊन पाहिलं, तोंड वाकडं केलं आणि ‘आता ही तपासतो’ म्हणत दुसरी वाटी जवळपास संपवली. हाच मुलगा पानात काकडी दिसली की ताट सरकवतो. ताई म्हणाली, “भूक लागली असेल त्याला.” घ्या!

बाकी कृती तुम्हाला माहीत असणारच. भाजलेले दाणे गार झाले की मुलांना चोळायला द्या, सालं फुंकायला मात्र गॅलरीत पाठवा. कूट खलबत्त्यात, जाडसर. ओलं खोबरं, लिंबू, चिमूटभर साखर, हाताने तोडलेली कोथिंबीर. तूप-जिऱ्याची फोडणी तुम्ही घाला आणि मिरचीचे तुकडे मोठेच ठेवा, वेचून काढता येतात.

सुरीचं म्हणाल तर वय काय विचारता, मूल बघा. सुरीपेक्षा किसणीला घाबरा, बोटं सोलवटतात ती तिच्यावरच. नऊ वर्षांच्या मुलाला लहान पण धारेची सुरी चालेल, तुम्ही शेजारी उभं राहायचं. बोथट सुरी घसरते. काकडी आधी उभी चिरून सपाट बाजू खाली ठेवून द्या, म्हणजे गडगडत नाही. चोचवायचं काम मोठ्यांनीच करावं. सहा वर्षांच्याला लिंबू पिळू दे.

हो, आणि टोक चाखून बघा, काकडी कडू लागली तर अख्खी टाकून द्या. दाण्यांची ॲलर्जी असेल तर तिळाचं कूट घाला, अर्थात तीळ चालत असतील तर. घरात चार वर्षांखालचं कुणी असेल तर अख्खे दाणे त्याच्या हाती लागू देऊ नका, घशात अडकतात.

ताई, वाचत असशील तर: थालीपिठाला काकडी किसूनच लागते, मीठही आधीच लागतं, कबूल. पण इथे थालीपीठ कुणी विचारलेलं नाही.