वजन उतरण्याआधीचा कागद

तुमच्या वहिनींचे वजन ९२ किलो, उंची १६० सेंटिमीटर, मधुमेह गोळ्यांना दाद देत नाही, वजन उतरवण्याची शस्त्रक्रिया पुढच्या महिन्यात ठरली आहे, त्याआधीचा द्रव आहार लवकरच सुरू होणार आहे आणि विम्याचे विचारले की रुग्णालयाच्या विमा कक्षातून ‘होऊन जाईल’ एवढेच उत्तर मिळते, असे तुम्ही लिहिले आहे. हेच ‘होऊन जाईल’ मी जानेवारी २०२३ मध्ये ऐकले होते आणि त्यावर विसंबून राहिल्याने मला मुदत ठेव मोडावी लागली, म्हणून जरा सविस्तर लिहीत आहे. मी डॉक्टर नाही आणि विमा एजंटही नाही, साताऱ्यात शाळेत शिकवते. अटी पॉलिसीगणिक बदलतात, तेव्हा माझे म्हणणे तुमच्या पॉलिसीच्या कागदाशी ताडूनच घ्यावे.

स्लीव्ह (जठर लहान करणे) करावी की बायपास (जठर लहान करून आतड्याचा मार्गही बदलणे), या चर्चेत मी पडत नाही. ते सर्जन आणि वहिनी ठरवतील. मला बोलायचे आहे ते बीएमआयच्या, म्हणजे किलोतील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागून येणाऱ्या आकड्याबद्दल. विमा नियामकाने २०१९ मध्ये वगळायच्या बाबींची भाषा सर्व कंपन्यांसाठी एकसारखी केली. त्यातील लठ्ठपणाचे कलम असे सांगते की शस्त्रक्रियेचा खर्च मिळायचा तर रुग्ण १८ वर्षांचा किंवा त्याहून मोठा असावा, डॉक्टरांचा सल्ला असावा आणि बीएमआय ४० किंवा त्याहून अधिक असावा. किंवा तो किमान ३५ असून सोबत लठ्ठपणामुळे झालेला हृदयस्नायूचा विकार, हृदयाच्या रक्तवाहिन्यांचा विकार, झोपेत श्वास थांबणारा तीव्र स्लीप अ‍ॅप्निया किंवा आटोक्यात नसलेला टाइप २ मधुमेह यांपैकी काहीतरी असावे, आणि वजन उतरवण्याचे साधे उपाय करून झालेले असावेत. सर्जन मात्र आशियाई रुग्णांसाठी याहून खालचे आकडे धरतात. २०२२ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांत तर आशियाई लोकांसाठी २७.५ पासून विचार करता येतो असे म्हटले आहे. त्यामुळे डॉक्टर ‘तुम्ही निकषात बसता’ म्हणतात ते त्यांच्या निकषात. दावा तपासणाऱ्याच्या पुढ्यात फक्त पॉलिसीतले ३५ असते.

माझी उंची १५८ सेंटिमीटर. सर्जनकडे पहिल्यांदा गेले तेव्हा वजन ९०.५ किलो भरले, म्हणजे बीएमआय ३६.३, आणि स्लीप स्टडीत (झोपेतल्या श्वासाच्या तपासणीत) तीव्र अ‍ॅप्निया निघालेला होता. कलमात मी व्यवस्थित बसत होते. मग यकृत आकसावे म्हणून दोन आठवड्यांचा द्रव आहार दिला गेला, कारण दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेत यकृत उचलून जठरापर्यंत पोहोचावे लागते आणि ते चरबीने फुगलेले असले की सर्जनला अडचण होते. मी तो आहार एकादशीसारखा निष्ठेने पाळला. ताक, प्रोटीन पावडर, गाळलेले सूप, पुन्हा ताक. चार किलो उतरले. दाखल झाले त्या दिवशी वॉर्डातल्या सिस्टरनी वजन केले ते ८६.५, आणि उंची मोजली ती पायात चपला असताना, १६०. केसपेपरवर बीएमआय पडला ३३.८. काट्यावरचा आकडा पाहून मी खूश झाले होते, हे आज सांगायलाही लाज वाटते.

विमा कक्षाने कॅशलेसची, म्हणजे बिल विमा कंपनीने थेट रुग्णालयाला द्यावे अशी मागणी आधी पाठवायला हवी होती. ती पाठवली दाखल झाल्याच्या दिवशी, आणि तीही त्याच केसपेपरसह. मी शस्त्रक्रियागृहातून बाहेर येऊन अर्धवट शुद्धीत होते तेव्हा यजमानांच्या फोनवर संदेश आला की बीएमआय ३५ पेक्षा कमी असल्याने मागणी नामंजूर. पहिल्या भेटीतले वजन कुठे होते? आहारतज्ज्ञांच्या तक्त्याच्या कोपऱ्यात, पेन्सिलने, सहीशिवाय आणि उंचीशिवाय. तो तक्ता मी घरी फ्रिजवर चिकटवला होता. बिल झाले ३ लाख ४० हजार.

त्यापुढची चूक सर्वस्वी माझी. जवळजवळ महिनाभर मी टीपीएच्या, म्हणजे विमा कंपनीच्या वतीने दावे हाताळणाऱ्या संस्थेच्या कार्यालयात फोन करत राहिले. दर वेळी नवा माणूस, दर वेळी सगळी कथा पहिल्यापासून आणि दर वेळी उत्तर एकच, ‘मॅडम, आमच्या सिस्टिममध्ये ३३.८ दिसते.’ एकाने तर हा खर्च कॉस्मेटिक असल्याचे ऐकवले. रात्री श्वास थांबून दचकून उठणाऱ्या बाईला हे सांगायचे, यावर मी काय बोलावे? पण या साऱ्याची माझ्याकडे एक ओळही लेखी नव्हती. त्यांच्या दृष्टीने मी तक्रार केलेलीच नव्हती.

मला तारले स्लीप स्टडीच्या अहवालाने. त्या अहवालाच्या डोक्यावर रुग्णाची उंची, वजन आणि बीएमआय छापलेले असते; माझ्या अहवालावर आहार सुरू होण्याआधीची तारीख होती आणि आकडा ३६.५ होता. तो जोडून, सर्जनचे पत्र घेऊन मी भरपाईचा दावा रीतसर केला. तो फेटाळल्यावर कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडे लिहिले आणि शेवटी विमा कंपन्यांविरुद्धच्या तक्रारींचा निवाडा करणाऱ्या विमा लोकपालांकडे गेले, ज्यांचे कार्यालय आम्हा सातारकरांसाठी पुण्यात आहे. तिथे शुल्क नाही, वकील लागत नाही. कंपनीच्या अंतिम नकारानंतर वर्षाच्या आत मात्र जावे लागते. एकूण आठ महिन्यांनी हातमोजे, सुया असले किरकोळ सामान वजा करून रक्कम मिळाली.

म्हणून आहार सुरू होण्यापूर्वीच वहिनींचे वजन आणि उंची अनवाणी मोजून, रुग्णालयाच्या लेटरहेडवर तारीख, सही आणि शिक्क्यासह घ्या. त्यांचा बीएमआय आज ३५.९ येतो, चार किलो उतरले की तो ३४.४ होईल. एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी रक्ततपासणी) त्याच दिवशी करा आणि आजवरच्या आहाराच्या, औषधांच्या जुन्या चिठ्ठ्या शोधून ठेवा. कॅशलेसची मागणी याच कागदांवर, दाखल होण्याच्या काही दिवस आधी पाठवायला लावा. २०२४ च्या नियमांनुसार त्यावर एका तासात निर्णय द्यायचा असतो. तो नकार असेल तर घरी असतानाच कळलेला बरा. वजन उतरवणारी इंजेक्शने चालू असतील तर तीही काटा खाली आणतात, शिवाय त्यांनी जठर सावकाश रिकामे होते, म्हणून भूलतज्ज्ञांना आवर्जून सांगा.

घरी आल्यानंतरचे थोडक्यात. ताप, छातीत वेगाने धडधड किंवा पोटरीत दुखणे यांसाठी सकाळची वाट पाहू नये. उलट्या थांबत नसतील तर ‘पचत नसेल’ म्हणून सोडून देऊ नये. बी१ जीवनसत्त्व कमी पडून मेंदूवर परिणाम होऊ शकतो. वरणाचे पाणी म्हणजे प्रथिने नव्हेत, हे सासूबाईंना समजावायला मला दोन महिने लागले. लोह आणि कॅल्शियमच्या गोळ्यांमध्ये दोन तासांचे अंतर हवे, आणि लोहावर चहा नको. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात केस मूठमूठ गळतील, बहुतेकांचे परत येतात. माझ्या पॉलिसीत डिस्चार्जनंतरच्या ६० दिवसांचा खर्च मिळत होता. जीवनसत्त्वांच्या गोळ्या आणि दरवर्षीच्या रक्ततपासण्या मात्र आयुष्यभराच्या आहेत आणि त्या मी स्वतःच्या खिशातून भरते, तो हिशोबही आत्ताच घरात बोलून ठेवा.