टोकियो कधी पाहायचा?

‘फास्ट अँड फ्युरिअस’ मालिकेतले सिनेमे कोणत्या क्रमाने पाहावेत, याबद्दल आलेल्या प्रश्नांना ही उत्तरं. दुसऱ्या उत्तरात कथानक उघड होतं. मालिका अजून पाहिली नसेल तर ते सोडून पुढे जा.

प्रश्न: मी आणि दहावी झालेला माझा मुलगा सुट्टीत ही मालिका पहिल्यापासून पाहणार आहोत. दोघांनीही एकही भाग पाहिलेला नाही. कुणी सांगतं तिसरा भाग सहाव्यानंतर बघा, कुणी सांगतं जसे आले तसे बघा. काय करावं? (एक वाचक, सांगली)

जसे आले तसेच बघा. पहिल्यांदा पाहणाऱ्यासाठी आमचं उत्तर हेच, आणि त्यामागे ठोस कारण आहे.

गोंधळ फक्त तिसऱ्या भागाचा आहे. ‘टोकियो ड्रिफ्ट’ 2006 साली आला, पण नंतरच्या भागांची कथा त्याच्या आधी घडते असं दाखवलं गेलं. काळाप्रमाणे लावलं तर क्रम होतो 1, 2, 4, 5, 6, 3, 7 आणि मग पुढचे. कागदावर हे नीट दिसतं. पडद्यावर मात्र सहाव्या भागात महामार्गावर रणगाडा आणि धावपट्टीवर भलंमोठं विमान असा थाट पाहून झालेला असतो. त्यावर लगेच तिसरा लावला, तर एक शाळकरी मुलगा पार्किंगच्या इमारतीत गाडी घसरवत वळवायला शिकतोय, हे फारच लहान वाटतं. त्यात मूळ मंडळींपैकी जवळपास कुणी नाही. सहाव्याच्या शेवटी सातव्याची ओढ लागलेली असताना मध्ये 104 मिनिटांचा वेगळाच सिनेमा येतो आणि तो बिचारा उगाच कंटाळवाणा ठरतो. वास्तविक तो चांगला आहे. दुसऱ्यानंतर पाहिला, तर त्याचा आकार आणि वेग अगदी बरोबर बसतो.

या मालिकेचा आवाका भागागणिक वाढत गेला आहे. 2001 मध्ये डीव्हीडी प्लेअर नेणारे ट्रक लुटण्याचं प्रकरण होतं, 2021 मध्ये गाडी थेट अंतराळात जाते. ही चढण पायरी-पायरीने चढली तरच शेवटची उंची पटते. शिवाय चौथ्याच्या सुरुवातीला तिसऱ्यातलं एक पात्र दिसतं तेव्हा तुम्हाला जे वाटायला हवं, ते तिसरा आधी पाहिल्याशिवाय वाटणारच नाही.

एक जोड मात्र जरूर द्या. सहावा संपला की सातवा लावण्याआधी तिसऱ्याची शेवटची दहा मिनिटं पुन्हा बघा. सातव्यातला टोकियोचा प्रसंग थेट तिथूनच उचललेला आहे आणि मध्ये चार-पाच दिवस गेले असतील तर तो धागा हातातून सुटतो.

आता वेळेचं. अकरा सिनेमे मिळून सुमारे 23 तास होतात. पहिला-दुसरा एका दिवशी चालतील. तिसरा एकटा ठेवा. चौथा आणि पाचवा मात्र एकाच बैठकीत बघा (सुमारे चार तास), कारण चौथा ज्या क्षणी तुटतो त्याच क्षणी पाचवा सुरू होतो. सहावा-सातवाही जमलं तर सलग, मध्ये जेवण आणि ती दहा मिनिटं. आठवा आणि ‘हॉब्स अँड शॉ’ हा आकड्याबाहेरचा जोडसिनेमा सवडीने. नववा आणि दहावा वेगवेगळ्या दिवशी, दोन्ही प्रत्येकी 140 मिनिटांच्या वरचे आहेत.

शोधताना नावावर विसंबू नका, सालावर जा. पहिल्याचं नाव ‘द फास्ट अँड द फ्युरिअस’ आणि चौथ्याचं ‘फास्ट अँड फ्युरिअस’. ‘द’ गळला की पहिल्याऐवजी चौथा लागतो, आणि घोटाळा लक्षात येईपर्यंत एक मोठी गोष्ट फुटलेली असते. सालं अशी: 2001, 2003, 2006, 2009, 2011, 2013, 2015, 2017, मग 2019 चा ‘हॉब्स अँड शॉ’, 2021 आणि 2023.

प्रश्न: सगळे भाग पाहून झालेत. आता कथेच्या काळाप्रमाणे पुन्हा पाहायचे आहेत. तिसरा भाग नेमका कुठे घालायचा? (एक वाचक, पुणे)

दुसऱ्या फेरीसाठी ही कल्पना उत्तम आहे, आणि तिचा खरा लाभ तिसऱ्यातल्या हानला होतो. 2006 मध्ये तो नुसताच काहीतरी गमावलेला, शांत माणूस वाटतो. सहाव्यात त्याची प्रेयसी जिझेल गेल्यावर तो टोकियोची वाट धरतो हे पाहून लगेच तिसरा लावला, की त्याच्या प्रत्येक गप्प राहण्याला कारण मिळतं. सुंग कँगने हे काम केलं तेव्हा ही पुढची कथा लिहिलेलीही नव्हती, तरी ते इतकं जुळतं याचं मनापासून कौतुक वाटतं.

फक्त सहावा शेवटपर्यंत चालू देऊ नका. लॉस एंजेलिसमधलं एकत्र जेवण संपलं की थांबवा. क्रेडिट्सदरम्यान जो टोकियोतला प्रसंग येतो, त्यात हानच्या गाडीला सातव्याचा खलनायक डेकर्ड शॉ धडक देतो. तो आत्ता पाहिला तर तिसऱ्यातला अपघात आधीच खून ठरतो आणि त्या सिनेमाच्या स्वतःच्या शेवटातला जीव जातो. म्हणून आधी सहावा त्या प्रसंगाविना, मग पूर्ण तिसरा, मग परत येऊन सहाव्याचा तो प्रसंग, आणि लगेच सातवा. असं लावलं की अपघात, त्यामागचा माणूस आणि डॉमिनिकला आलेला फोन हे एकापाठोपाठ उलगडतं.

दोन गोष्टी खटकतील, त्यांची तयारी ठेवा. कथेनुसार तिसरा सहाव्यानंतर घडतो, पण त्यात सगळ्यांच्या हातात घडीचे जुने फोन आहेत. आणि सातव्यात तिसऱ्याचा नायक शॉन बॉसवेल दिसतो तो तिसऱ्यातल्या शेवटच्या शर्यतीनंतर लगेच, मात्र त्याचं काम करणारा लुकस ब्लॅक दरम्यान नऊ वर्षांनी मोठा झालेला आहे. जुनं आणि नवं चित्रीकरण शेजारी-शेजारी जोडल्यामुळे ते लपत नाही.

आठव्यापासून पुढे दोन्ही क्रम सारखेच. ‘हॉब्स अँड शॉ’ आठव्यानंतर, नवव्याआधी. शॉ तिथे नायक म्हणून वावरतो हे हानच्या चाहत्यांना पचलं नव्हतं आणि त्यांची तक्रार रास्तच होती. नवव्यात हान परत आला, तरी शॉशी त्याची समोरासमोर गाठ पडते ती क्रेडिट्सदरम्यानच्या प्रसंगात.

प्रश्न: तेवीस तास कुणाकडे आहेत? शनिवार-रविवारात बसेल असं काही सांगा. (एक वाचक, ठाणे)

1, 4, 5, 6, 7. बरोबर दहा तास दहा मिनिटं. डॉमिनिक आणि ब्रायनची मैत्री हा मालिकेचा कणा आहे आणि तो या पाच सिनेमांत पूर्ण होतो. दुसरा गाळताना एवढंच लक्षात ठेवा की पाचव्यात येणारे रोमन आणि तेज हे ब्रायनचे मायामीतले जुने सोबती. सातव्याआधी तिसऱ्याची शेवटची दहा मिनिटं इथेही हवीतच.

ब्रायनचं काम करणारा पॉल वॉकर 30 नोव्हेंबर 2013 रोजी अपघातात गेला, तेव्हा सातव्याचं चित्रीकरण अर्धवट होतं. उरलेले प्रसंग त्याच्या दोन भावांना उभं करून आणि संगणकाच्या साहाय्याने पुरे केले. त्या सिनेमाचा शेवट हा त्याला दिलेला निरोप आहे, आणि तिथे थांबलात तर काही अपुरं राहिल्यासारखं वाटणार नाही. याउलट दहावा एका संकटाच्या मधोमध तुटतो. अर्धवट शेवट चालत नसेल तर तिथवर जाऊच नका.

जायचंच असेल तर दहाव्याआधी पाचव्याचा शेवटचा अर्धा तास, तिजोरी ओढत नेण्याचा, परत बघा. दहाव्यातला खलनायक डांटे त्या प्रसंगातूनच जन्माला घातलेला आहे.

प्रश्न: ओटीटीवर क्रेडिट्स सुरू झाले की दुसराच सिनेमा लागतो. शेवटचे प्रसंग हुकतात. उपाय? (एक वाचक, नागपूर)

प्रोफाइलच्या सेटिंगमध्ये ऑटोप्ले बंद करा. ती सोय नसेल तर क्रेडिट्स सुरू होताच चित्र कोपऱ्यात लहान होतं, तेव्हा रिमोटने त्यावर जाऊन ते पुन्हा मोठं करा. हे करायला काही सेकंदच मिळतात. थांबायचं ते पहिल्या, पाचव्या, सहाव्या, नवव्या, दहाव्या आणि ‘हॉब्स अँड शॉ’ला. त्यातला पाचव्याचा प्रसंग हुकला तर सहाव्याची सुरुवातच कळणार नाही. मॉनिका फुएंतेस त्यात सरकारी अधिकारी हॉब्ससमोर एक फाइल ठेवते, आणि ही मॉनिका दुसऱ्या भागातली.

सगळे भाग एकाच सेवेवर असतीलच असं नाही आणि त्यांची जागा बदलत राहते. सुरू करण्याआधी सगळ्या भागांचा शोध घेऊन ठेवा. मधलाच भाड्याने घ्यावा लागला तर निदान ऐनवेळी खोळंबा होत नाही.

प्रश्न: दोन लघुपटही आहेत म्हणे. ते कुठे बसतात? (एक वाचक, पणजी)

‘टर्बो चार्ज्ड प्रील्यूड’ पहिल्या आणि दुसऱ्याच्या मध्ये. जेमतेम सहा मिनिटं, संवाद जवळजवळ नाहीतच. ब्रायन लॉस एंजेलिसहून मायामीला कसा पोचला एवढंच त्यात आहे. ‘लॉस बँडोलेरोस’ चौथ्याच्या आधी, सुमारे वीस मिनिटांचा, आणि तो स्वतः व्हिन डिझेलने दिग्दर्शित केला आहे. चौथा ज्या टँकर-लुटीने सुरू होतो तिची तयारी डॉमिनिकन रिपब्लिकमध्ये कशी झाली ते यात दिसतं. पहिला लघुपट सोडला तरी चालेल. दुसरा मिळाला तर बघाच, कारण डॉमिनिक आणि लेटी यांना निवांत एकत्र पाहायला मालिकेत फार थोडी जागा मिळाली आहे. तिसरा आधी पाहणाऱ्यांनी हेही ध्यानात ठेवावं की हान या लघुपटातही आहे. त्यामुळे तो चौथ्याच्या लगेच आधीच लावा, त्याहून आधी नको.

मुलांसाठीची ‘स्पाय रेसर्स’ ही सहा सीझनची ॲनिमेशन मालिका डॉमिनिकच्या चुलतभावाची, टोनीची आहे. सिनेमांचं काही तिच्यावर अडत नाही. घरात लहान मूल असेल तर त्याला ती केव्हाही लावून द्या.