बैठे काम, सकाळचे चालणे आणि अपुरी झोप

प्रश्न : मी रोज सकाळी अर्धा तास भरभर चालतो, मात्र नंतर नऊ-दहा तास खुर्चीत बसून काम करतो आणि रात्री जेमतेम साडेपाच तास झोपतो. चालण्याने बाकीची भरपाई होते का?

उत्तर : काही अंशी होते, पूर्णपणे नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये प्रौढांना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम व्यायाम सुचवला आहे. तुमची २१० मिनिटे त्यात बसतात. परंतु २०१६ मध्ये दहा लाखांहून अधिक लोकांच्या माहितीचे एकत्रित विश्लेषण झाले, तेव्हा आठ तासांहून अधिक बसण्याशी निगडित असलेला मृत्यूचा वाढीव धोका रोज ६० ते ७५ मिनिटे व्यायाम करणाऱ्यांमध्येच जवळजवळ नाहीसा झालेला दिसला. जेवणानंतर रक्तात आलेली साखर ओढून घेण्याचे मोठे काम स्नायू करतात, आणि मांड्या-पोटऱ्यांचे स्नायू तासन्‌तास निश्चल राहिले की ते काम मंदावते. म्हणून दर अर्ध्या तासाने उठून दोन-तीन मिनिटे चालावे, विशेषतः जेवणानंतर. (नुसते उभे राहून फारसे साधत नाही, उभ्याने काम करण्याच्या टेबलांचे कौतुक मला थोडे जास्तच वाटते.)

मला अधिक चिंता तुमच्या झोपेची वाटते. प्रौढांना किमान सात तास झोप हवी. ती सतत कमी पडल्यास इन्सुलिनचा परिणाम घटतो आणि भूक वाढते. गजर लावून, झोप मोडून चालायला जात असाल, तर चालणे संध्याकाळी ठेवा. घोरणे किंवा दिवसा पेंग येणे असेल, तर डॉक्टरांना अवश्य दाखवा.