वारसा जपायला शिकून पुढे काय?

सप्रेम नमस्कार ताई,

तुमची लेक समाजशास्त्राच्या पदवीच्या शेवटच्या वर्षाला आहे आणि पुढे तिला अमूर्त सांस्कृतिक वारशाचाच, म्हणजे गाणी, कथा, सण, कारागिरी अशा माणसांमधून जगणाऱ्या परंपरांचाच, अभ्यास करायचा आहे. ‘लोकांची गाणी रेकॉर्ड करून कुणाचं पोट भरलंय? हे छंद म्हणून कर,’ असं तुम्ही म्हणालात आणि घरात अबोला सुरू झाला. तुमची काळजी रास्त आहे. पण या कामाची तुमची कल्पना अर्धीच आहे, आणि पत्रावरून वाटतं, तिचीही.

नुसतं रेकॉर्डिंग म्हणजे जतन नव्हे. १८९० मध्ये मानववंशशास्त्रज्ञ जेसी वॉल्टर फ्यूक्स यांनी अमेरिकेतल्या मेन राज्यात पासामाक्वाडी या मूळनिवासी समाजाची गाणी आणि कथा मेणाच्या नळकांड्यांवर ध्वनिमुद्रित केल्या. त्या जपल्या गेल्या खऱ्या, पण ज्यांचे ते आवाज, त्यांच्यापर्यंत पोचायला कित्येक दशकं गेली. अलीकडे लायब्ररी ऑफ काँग्रेस या अमेरिकेच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने ध्वनी स्वच्छ करून त्या समाजातल्या जाणकारांबरोबर नोंदी नव्याने केल्या. कुठलं गाणं सगळ्यांसाठी खुलं ठेवायचं आणि कुठलं नाही, यात आता समाजाचा शब्द चालतो. तुमच्या लेकीला हेच शिकायचं आहे: संमती कशी घ्यायची, नोंद कुणाच्या भाषेत करायची, आणि कधी यंत्र बंद ठेवायचं.

अमूर्त वारशाच्या जतनासाठीच्या युनेस्कोच्या २००३ च्या करारातही भर समाजाच्या सहभागावरच आहे. मौखिक परंपरा, प्रयोगकला, सण-विधी, निसर्गाविषयीचं ज्ञान आणि पारंपरिक कारागिरी ही त्याची पाच क्षेत्रं, आणि जतनाच्या व्याख्येत पुढच्या पिढीला शिकवणंही येतं. पेरूमधला क्वेस्वाचाका पूल बघा. आपुरिमाक नदीवरचा हा गवताचा झुलता पूल केचुआ या तिथल्या मूळनिवासी समाजाची चार गावं दरवर्षी नव्याने बांधतात. गवत पिळून आधी बारीक दोऱ्या, दोऱ्यांचे दोर, दोरांचे जाडजूड दोरखंड. मग जुना पूल तोडून नदीत सोडायचा आणि दोन्ही काठांवरून विणत मध्ये येऊन भेटायचं. तीन दिवसांत पूल उभा राहतो, चौथ्या दिवशी उत्सव. हा पूल काचेच्या पेटीत ठेवून जपता येणार नाही. गवत कुठे मिळतं, मुलं गावात राहतात का, विणकराचं कसब पुढे कोण शिकतं, असे प्रश्न इथे जतनाचे प्रश्न होतात. म्हणूनच हा विषय मला फार मोलाचा वाटतो.

आता पोटापाण्याचं. अभिलेखागारं, संग्रहालयं, विद्यापीठं, सरकारी सांस्कृतिक विभाग आणि कारागिरांबरोबर काम करणाऱ्या संस्था इथे कामं असतात. कायम पदं थोडी. बरीचशी कामं प्रकल्पापुरती, कंत्राटी. सुरुवातीची काही वर्षं उत्पन्न एकसारखं नसेल, हे दोघींनी आत्ताच मोकळेपणाने बोलून घ्या.

म्हणून माझा सल्ला असा: नुसतं ‘वारसा’ नाव असलेल्या अभ्यासक्रमामागे धावू नये. मानववंशशास्त्र, लोकसाहित्य, भाषाशास्त्र किंवा संगीतशास्त्र यांपैकी एकात पक्की पदव्युत्तर पदवी घ्यावी आणि जोडीला अभिलेख-व्यवस्थापनाचं हातचं कौशल्य. फाइलींना नावं कशी द्यायची, माहितीची नोंद कशी ठेवायची, प्रती कुठे साठवायच्या, हे येणारी व्यक्ती प्रत्येक प्रकल्पाला लागते. कायदा आवडत असेल तर पारंपरिक ज्ञानाचे हक्क हीही चांगली वाट आहे. शिकवण्याची आवड असेल तर स्पेनच्या कॅनरी बेटांपैकी ला गोमेरा या बेटाचं उदाहरण तिला वाचू द्या. तिथली शिट्टीची भाषा १९९९ पासून शाळेत सक्तीने शिकवली जाते. तिथे अभ्यासक्रम आखणारी, शिक्षक घडवणारी माणसं लागली.

प्रवेशअर्जाआधी तिने एक काम करून बघावं. परंपरा जाणणाऱ्या एका व्यक्तीकडून, परवानगी घेऊन, तासभर ऐकावं आणि ध्वनिमुद्रण करावं. मग एलान हे मोफत सॉफ्टवेअर उघडून शब्दन् शब्द उतरवावा. नेदरलँड्समधल्या माक्स प्लांक या भाषाविषयक संशोधन संस्थेने ते याच कामासाठी बनवलं आहे. तासभराच्या बोलण्याला कित्येक तास लागतील, कंटाळा येईल. शेवटी तो मजकूर त्या व्यक्तीला वाचून दाखवून चुका दुरुस्त कराव्यात. एवढं झाल्यावरही तिला पुढचा तास ऐकायला जावंसं वाटलं, तर तिला अडवू नका. तोच मजकूर प्रवेशाच्या मुलाखतीतही तिच्या कामी येईल. अर्जासोबतच्या निवेदनाचा मसुदा तिने पाठवला, तर मी आनंदाने वाचेन.