‘मुळे’ गेला तरी ‘होतो’ राहतोच

प्रश्न असा आहे : अनेक दीर्घकालीन आरोग्य-अभ्यास एकत्र करून काढलेला निष्कर्ष लिहिताना ‘चालण्यामुळे हृदयविकाराचा धोका कमी होतो’ म्हणावे, की ‘मुळे’ टाळून ‘चालण्याशी निगडित’ म्हणावे?

‘मुळे’ काढणे सोपे, पण खरी मेख क्रियापदात आहे. ‘जे रोज चालतात त्यांचा धोका कमी होतो’ यात ‘मुळे’ कुठेच नाही. तरी ‘होतो’ म्हटले की त्याच माणसाचा धोका आधी जास्त होता आणि चालू लागल्यावर घटला, असे वाचणारा समजतो. अभ्यासात मात्र चालणारे आणि न चालणारे अशा दोन गटांची तुलना असते. म्हणून ‘चालणाऱ्यांमध्ये धोका कमी आढळला’. ‘चालल्याने’ हे ‘मुळे’चेच भावंड आणि ‘चालल्यास’ तर सरळ सल्ला. ‘कमी होऊ शकतो’ ही नुसती पळवाट. शंका जोडली, कार्यकारण तसेच ठेवले. ‘निगडित’ चुकीचा नाही, पण वाक्य परिपत्रकासारखे होते.

‘पण अभ्यास वीस, माणसे लाखो, मग?’ एकत्रीकरणाने योगायोगाचा वाटा घटतो, खरा आकडा ज्या पट्ट्यात असू शकतो तो पट्टा अरुंद होतो. सगळ्या अभ्यासांत एकच खोट असली, तर तीही तितक्याच ठामपणे समोर येते. उदाहरणार्थ, आजार जडलेला माणूस मुळातच कमी चालतो. म्हणून संशोधक सुरुवातीच्या काही वर्षांतले मृत्यू वगळून गणित पुन्हा मांडतात. त्याने ही खोट कमी होते, पण पैसा, आहार, शिक्षण यांचा गुंता उरतोच.

रजोनिवृत्तीनंतर संप्रेरके घेणाऱ्या स्त्रियांमध्ये हृदयविकार कमी असल्याचे अनेक निरीक्षणांत दिसले होते. अमेरिकेतल्या ‘विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह’ या संशोधन-प्रकल्पाने संप्रेरके कोणाला द्यायची आणि कोणाला नाही, याची चिठ्ठ्या टाकाव्यात तशी गटवाटणी केली. २००२ साली निकाल आला : इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टिन ही दोन संप्रेरके एकत्र घेणाऱ्या गटात हृदयविकार उलट थोडा जास्तच. आधीच्या निरीक्षणांपुरते ‘कमी आढळला’ हे वाक्य आजही खरे आहे. ‘कमी होतो’ टिकले नाही.

‘मुळे’ वर्ज्य मात्र नाही. धूम्रपानाच्या बाबतीत माणसांना चिठ्ठ्या टाकून सिगारेट ओढायला लावलेले नाही. पण डॉल आणि हिल या संशोधकांनी १९५१ पासून ब्रिटिश डॉक्टरांचा पाठपुरावा केला, तेव्हा सिगारेटी वाढल्या तसे फुफ्फुसाच्या कर्करोगाचे मृत्यू वाढलेले दिसले, आणि सिगारेट सोडणाऱ्यांमध्ये, सोडून जितकी वर्षे झाली तितके ते कमी. तिथे ‘धूम्रपानामुळे कर्करोग होतो’ असे बेलाशक लिहावे.