आय५-६५०० प्रोसेसरच्या जुन्या संगणकासाठी जीटी ७३०, जीटी १०३० की आरएक्स ६४००?

आपण लिहिल्याप्रमाणे संगणक एका कार्यालयाने काढून टाकलेला आहे, त्यात ८ जीबी रॅमची एकच पट्टी आणि २४० वॅटचा एसएमपीएस (संगणकाला वीज पुरवणारा डबा) आहे, आणि त्यावर जीटीए ५ खेळणे व घरचे व्हिडिओ संपादित करणे एवढीच अपेक्षा आहे. दुकानदार २ जीबीच्या जीटी १०३० ऐवजी ४ जीबीचे जीटी ७३० हे ग्राफिक्स कार्ड सुचवत आहे. ते मात्र मी घेणार नाही.

स्वस्त कार्डांत मेमरी किती आहे यापेक्षा ती किती वेगाने वाचली जाते, हे अधिक निर्णायक ठरते. डीडीआर३ या जुन्या, संथ प्रकारच्या मेमरीच्या ६४-बिट जीटी ७३० चा हा वेग सेकंदाला सुमारे १४ जीबी असतो, आणि एवढ्या वेगावर खोक्यावर छापलेले ४ जीबी कधी कामालाच येत नाहीत. जीटी १०३० च्या बाबतीत तर एकाच नावाखाली दोन वेगळी कार्डे विकली जातात: २०१७ मधले जीडीडीआर५ या वेगवान ग्राफिक्स मेमरीचे कार्ड सेकंदाला ४८ जीबी वाचते, तर २०१८ मध्ये आलेले डीडीआर४ चे कार्ड जेमतेम १७. आपल्याच संगणकात २१३३ वेगाच्या डीडीआर४ रॅमची दुसरी पट्टी बसवली, तर साध्या रॅमचा वेग सुमारे ३४ जीबीवर जातो. ती रॅम प्रोसेसर आणि त्यातल्या अंगभूत ग्राफिक्सला वाटून घ्यावी लागते हे खरे, तरीही कार्डाचा विचार करण्याआधी ही दुसरी पट्टी घ्यावी असे मी म्हणेन.

आरएक्स ६४०० हे वाईट कार्ड नाही, पण ते आपल्या मदरबोर्डासाठी नाही. ते स्लॉटच्या सोळांपैकी चारच लेन (माहिती ये-जा करण्याच्या वाटा) वापरते. नव्या पीसीआयई ४.० (कार्डाच्या स्लॉटची पिढी) बोर्डावर एवढ्या लेन पुरतात, आपल्या ३.० बोर्डावर मात्र त्यांचा वेग निम्मा होतो, आणि कार्डावरची ४ जीबी मेमरी भरून खेळ रॅमकडून माहिती मागू लागला की चित्र अडखळते. इंटरनेटवरच्या बऱ्याच चाचण्या नव्या बोर्डांवर केलेल्या असल्याने तिथले आकडे आपल्याला मिळणार नाहीत. शिवाय या कार्डात व्हिडिओ एन्कोड करण्याची, म्हणजे संपादित व्हिडिओ आकुंचित करून फाइलमध्ये साठवण्याची, सोयच नाही, म्हणजे संपादनाचे आपले अर्धे काम तिथेच अडते.

माझ्या मते आपल्यासाठी जीटीएक्स १६५० योग्य ठरेल. त्याची मेमरी ४ जीबी आणि वेग सेकंदाला १२८ जीबी आहे, ते सर्व सोळा लेन वापरते, त्यात एन्कोडर आहे आणि ७५ वॅटची पूर्ण वीज ते स्लॉटमधूनच घेऊ शकते. काही कंपन्यांच्या मॉडेलना सहा पिनांची वेगळी जोडणी लागते, ती टाळावीत. कॅबिनेट अरुंद असेल तर लो-प्रोफाइल (कमी उंचीचे) मॉडेल मागावे. नवे कार्डच हवे असेल आणि खिसा परवानगी देत असेल, तर २०२४ मध्ये आलेले ६ जीबीचे आरटीएक्स ३०५० हे ७० वॅटचे कार्डही त्याच एसएमपीएसवर चालेल.

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा ऑनलाइन जुने कार्ड घेताना ते दुकानातच चालू करून जीपीयू-झेड या मोफत प्रोग्रॅममध्ये चिपचे नाव आणि मेमरीचा प्रकार पाहावा, कारण जुन्या चिपवर नवे नाव चढवून विकलेली कार्डे बाजारात आहेत आणि त्यांतली बरीचशी हा प्रोग्रॅम ओळखतो.