टेन्शन आणि एंग्झायटीवर फिजिओथेरपीचा खरंच उपयोग होतो का?

तुम्ही लिहिलंय की मान-खांदे कायम आखडलेले असतात, मध्येच छातीत धडधडतं, ईसीजी आणि टूडी इको दोन्ही नॉर्मल आले, डॉक्टर म्हणाले स्ट्रेस आहे, आणि आता कुणीतरी फिजिओथेरपी सुचवलीये पण मनाच्या त्रासावर ती कशी काय चालणार. मी फिजिओथेरपिस्ट आहे, पुण्यात प्रॅक्टिस करते, आणि मान धरलीये म्हणून येणाऱ्यांमध्ये तुमच्यासारखा त्रास असलेले भरपूर जण असतात. तर हो, उपयोग होतो. पण मशिन लावून नुसतं पडून राहिलात तर फारसा नाही, त्यात तुम्हाला स्वतःला करायचं काम असतं आणि फरक पडतो तो त्याच कामाने.

माणूस घाबरला की शरीर पळायच्या नाहीतर लढायच्या तयारीला लागतं, ठोके वाढतात, स्नायू ताठ होतात, श्वास वरच्यावर चालतो. आता ईएमआय, बॉसचा मेल, आईचं आजारपण यातल्या कशापासूनच पळता येत नाही, मग ती तयारी दिवसभर तशीच अंगात राहते. श्वासाचं मुख्य काम छाती आणि पोटाच्या मधल्या पडद्याचं, म्हणजे डायफ्रामचं. मानेचे आणि खांद्याच्या वरच्या बाजूचे स्नायू फक्त धावताना वगैरे मदतीला येतात. पण वरवरचा श्वास घ्यायची सवय लागली की हेच मदतनीस खुर्चीत बसल्या बसल्यासुद्धा राबत राहतात आणि संध्याकाळपर्यंत दुखायला लागतात. म्हणून तुमची मान आणि तुमची धडधड हे दोन वेगळे आजार आहेत असं मला तरी वाटत नाही.

घाबरल्यावर आपण गरजेपेक्षा जास्त आणि भरभर श्वास घेतो, त्याने रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, मग बोटांना आणि ओठांभोवती मुंग्या, गरगरणं, छाती आवळल्यासारखी वाटणं हे सगळं सुरू होतं आणि वाटतं की श्वास पुरत नाहीये, म्हणून माणूस अजून जोरात ओढतो आणि अजून बिघडतं. अशा वेळी शेजारचे सांगतात "दीर्घ श्वास घे", आणि पेशंट छाती फुगवून, खांदे कानापर्यंत नेऊन मोठमोठे श्वास घ्यायला लागतो. याने त्रास वाढतो हो! मोठा श्वास नकोय, हळू श्वास हवाय, आणि घेण्यापेक्षा सोडण्याकडे लक्ष हवंय. उताणं झोपा, गुडघ्याखाली उशी, एक हात छातीवर एक पोटावर. नाकाने साधारण ४ सेकंद घ्या, ६ सेकंद सोडा, पोटावरचा हात हलला पाहिजे, छातीवरचा जवळजवळ नाही. असे मिनिटाला ६ श्वास होतात, एरवी आपले १२ ते २० असतात. सुरुवातीला ६ सेकंद जमत नाहीत, मग ३ आणि ४ ने सुरू करा, ओढाताण करू नका. आणि हे बरं वाटत असताना रोज करायचं, भीतीचा अटॅक आल्यावर पहिल्यांदा करायला गेलात तर जमणार नाही.

दुसरं म्हणजे स्नायू सैल सोडायला शिकणं. "रिलॅक्स हो" म्हटल्याने कुणीच होत नाही कारण आपण कुठे आवळून धरलंय हेच कळत नसतं. एडमंड जेकबसन या अमेरिकन डॉक्टरांनी यावर आयुष्यभर काम केलं, त्यांचं पुस्तक १९२९ चं आहे. त्यांच्या कामातून आलेला आणि आज सगळीकडे शिकवतात तो प्रकार असा: मूठ ५-७ सेकंद आवळायची, मग सोडायची, आणि सोडल्यावर काय वाटतं तिकडे अर्धा मिनिट लक्ष द्यायचं, असं हात, खांदे, चेहरा, पोट, पाय. पण ज्यांची मान आधीच दगड झालीये त्यांना मी अजून आवळायला लावत नाही. त्यांच्यासाठी लॉरा मिचेल या ब्रिटिश फिजिओथेरपिस्टची पद्धत मला जास्त आवडते. त्यात खांदे पायांच्या दिशेने खाली ओढायचे आणि थांबायचं, बस. खाली ओढणारे स्नायू कामाला लागले की वर उचलून धरणारे आपोआप ढिले पडतात. ऑफिसात मीटिंग चालू असतानाही करता येतं, कुणाला कळत नाही. जबड्याचंही तेच, ओठ मिटलेले पण दात एकमेकांपासून सुटे. रात्री दात खाता का ते घरच्यांना विचारा.

तिसरी गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. ज्यांना धडधडीची भीती बसलेली असते ते हळूहळू जिना टाळतात, चढ टाळतात, भरभर चालणंही बंद करतात, मग स्टॅमिना जातो आणि दोन मजल्यांतच धाप लागते, की झालं, परत भीती. माझ्याकडे एक शिक्षिका यायच्या, सगळे रिपोर्ट नॉर्मल, तरी शाळेचा जिना चढताना कठड्याला घट्ट धरून मध्येच थांबायच्या. आम्ही बरोबर जिना चढायचो, वर जाऊन त्यांनी स्वतः नाडी मोजायची आणि ती कशी खाली येते ते बघत बसायचं. व्यायामाने वाढलेले ठोके आणि भीतीने वाढलेले ठोके आतून सारखेच वाटतात, पण व्यायामाचे आपण मुद्दाम वाढवतो आणि ते उतरतात हे शरीराला पुन्हा पुन्हा दिसावं लागतं. हे एकट्याने करायला धीर होत नाही, शेजारी कोणीतरी जाणकार लागतं, आणि तिथे फिजिओचा खरा उपयोग आहे. पुढे आठवड्याला १५० मिनिटं भरभर चालण्यापर्यंत पोचायचं, जागतिक आरोग्य संघटनाही मोठ्यांना किमान एवढंच सांगते.

हे काही नवीन फॅड नाही. नॉर्वेत १९४० च्या दशकात एक मानसोपचारतज्ज्ञ आणि एक फिजिओथेरपिस्ट यांनी मिळून याच विचारातून सायकोमोटर फिजिओथेरपी उभी केली. आपल्याकडे मात्र बहुतेक क्लिनिकं गुडघे, कंबर आणि पॅरालिसिस यातच बुडालेली, त्यामुळे जाताना आधी फोनवर विचारा की ब्रीदिंग रिट्रेनिंग आणि रिलॅक्सेशन शिकवता का. नुसतं आयएफटी (दुखऱ्या जागी हलका करंट देणारं मशिन), शेक आणि दहा सिटिंगचं पॅकेज असं उत्तर आलं तर दुसरीकडे बघा. शेकाने मान तेवढ्यापुरती मोकळी होते, चांगलं वाटतं, पण पुढच्या सोमवारी परत तिथेच.

आणि एक कळकळीने सांगते. सायकॅट्रिस्ट नको म्हणून फिजिओ, असं करू नका. फिजिओकडे गेलं की लोक काय म्हणतील हा प्रश्न येत नाही, म्हणून बरेच जण आधी आमच्याकडे येतात, आणि मला त्याचं काही वाईट वाटत नाही, या. पण झोपच येत नसेल, कामावर जाणं बंद झालं असेल, तर सायकॅट्रिस्ट किंवा काउन्सेलर बरोबरीने हवेतच. जगणं नको वाटत असेल तर वाट न बघता त्याच दिवशी दाखवा. १४४१६ ही सरकारची टेलिमानस हेल्पलाइन आहे, फुकट, चोवीस तास, मराठीत बोलता येतं. चालताना छातीत दुखत असेल, दुखणं हातात किंवा जबड्यात जात असेल, शुद्ध हरपत असेल तर आधीचे रिपोर्ट नॉर्मल असले तरी लगेच हॉस्पिटल गाठा. थायरॉइड आणि हिमोग्लोबिन तपासलं नसेल तर तेही करून घ्या, धडधड त्यानेही होते.

पहिल्या व्हिजिटला रिपोर्ट आणि गोळ्यांची यादी दोन्ही न्या. प्रोप्रॅनोलॉल, म्हणजे धडधड कमी करायची गोळी, चालू असेल तर ठोके मुळातच कमी वाढतात, मग व्यायाम किती झेपतोय हे नाडीवरून ठरवता येत नाही, दम किती लागतोय त्यावरून ठरवावं लागतं, आणि झोपेच्या किंवा एंग्झायटीच्या गोळीने तोल जात असेल तर तेही आम्हाला माहीत पाहिजे. बरं वाटायला लागलं म्हणून गोळी स्वतःहून बंद करू नका, ज्यांनी दिली त्यांना विचारूनच कमी करा.